सोवळ्यातला स्मार्ट प्लग

२ ऑगस्ट, शनिवार
उपास. वरई केली. साबुदाणा महागलाय, शनिदेव समजून घेतील.

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. गौरींचे मुखवटे आजवर त्यांच्याकडे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या, मायाच्या घरी. यंदा मुखवटे घेऊन त्या आमच्याकडे सांगलीला येणार. म्हणाल्या, "माझ्याने आता होत नाही गं वैजू. यंदा तुझ्याकडे बसवू. कसं होतं बघू, मग मुखवटे कुणाकडे राहायचे ते ठरवू."

फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली.

मला मुखवट्यांचा मोह नाही. पण थोरली सून मी. माया सरकारी कचेरीत. गेल्या वर्षी तिने पुरणपोळ्या बचत गटाकडून आणल्या. मी याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलले नाही. फक्त नणंदेला, मावससासूबाईंना आणि भिशीतल्या बायकांना सांगितलं.

"कसं होतं बघू" म्हणजे परीक्षा. सोळा भाज्या, पुरणावरणाचा नैवेद्य, सगळं सोवळ्यात, एकटीने, कुणाचा हात न लागता. असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मला कळलं.

संकल्प : स्पर्धा करायची नाही. फक्त जिंकायचं.

४ ऑगस्ट, सोमवार
अडचण लक्षात आली. बटण.

सोवळं नेसलं की मिक्सरच्या बटणाला हात लावता येत नाही. त्याला अख्ख्या घराचे हात लागलेले. पूर्वी आमची लेक अश्लेषा बाहेर उभी राहून बटण दाबायची. तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. मागे एकदा ह्यांना उभं केलं होतं. मी "मिक्सर" म्हटलं की हे गीझर लावायचे. तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. डोळे मिटून हळदीची प्रत सांगतील, पण घरातलं कुठलं बटण कशाचं ते सांगता यायचं नाही.

पुरणयंत्र हाताने फिरवावं तर मनगट दुखतं. पाट्यावर वाटावं तर गुडघे.

भांडी घासायला येते ती हरणाबाई म्हणाली, "आवं काकू, एवढा इचार कशापायी? मला हाक मारा की. मी दाबते बटण." तिला समजावलं की मदत घ्यायचीच नाही, आणि सोवळ्यात तर नवऱ्यालाही जवळ येऊ देत नाही, तेव्हा तिने वाईट वाटून घेऊ नये. ती म्हणाली, "मला कशाला वाईट वाटंल? मला तेवढंच काम कमी."

अश्लेषाला फोन केला. ती म्हणाली, "आई, स्मार्ट प्लग घे. तोंडाने सांगितलं की चालू, तोंडाने सांगितलं की बंद."

संध्याकाळी पोथी वाचताना विचार केला. वीज म्हणजे अग्नी. अग्नी सदा शुद्ध. बाटतं ते फक्त बटण. आणि वाणीने काम करून घेणं म्हणजे तर मंत्रच झाला. ऋषिमुनी दुसरं काय करत होते?

दहावी पहिल्या फटक्यात पास आहे मी. सायन्सला बावन्न.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पार्सल आलं. चार प्लग, एक बोलणारी डबी, आणि सहा भोकांचं एक्स्टेंशन. खर्चाच्या वहीत "देवकार्य" या खात्यात लिहिला.

अश्लेषाने व्हिडिओ कॉलवर सगळं जोडून घेतलं. प्लगना नव्या पद्धतीचं वेगवान वायफाय चालत नाही, जुनंच लागतं. ऐकून बरं वाटलं. संस्कारी वस्तू आहे.

डबीला मराठी नीट येत नाही. हिंदीत सांगावं लागतं.

प्लगना नावं द्यायची असतात. मिक्सरच्या प्लगला मी "अन्नपूर्णा" दिलं. मग लक्षात आलं की "अन्नपूर्णा बंद करो" असं म्हणावं लागणार. भरल्या घरात असलं बोलतात का? ताबडतोब बदललं. दुसरं नाव पटकन सुचेना. शेवटी "माया" ठेवलं. यात कोणताही हेतू नाही. सगळी सृष्टीच माया आहे, असं आजच पोथीत होतं.

"माया चालू करो" म्हटलं. घर्र सुरू झालं. "माया बंद करो" म्हटलं. गप्प.

अकरा वेळा करून बघितलं. तपासणी म्हणून.

११ ऑगस्ट, सोमवार
उरलेले तीन प्लग. एक गौरींच्या कोपऱ्यातल्या दिव्यांच्या माळेला. तिला रोज संध्याकाळी सातला आपोआप लागायची वेळ लावून दिली. एक देवघरातल्या पंख्याला, धुरासाठी.

चौथा वायफायच्या राउटरला लावला. ही कल्पना माझी. दुपारी बारा ते तीन हे झोपतात, मी पोथी वाचते. त्या वेळात वायफायचा दिवा फुकट मिचमिचत बसतो. म्हणून बारा वाजता आपोआप बंद, तीनला आपोआप चालू.

अश्लेषा म्हणाली, "आई, राउटरला प्लग नको लावू. वायफाय गेलं की बाकीचे प्लग तुझं ऐकणार नाहीत." हो म्हटलं. तिला पगार बरा आहे, बचतीचं महत्त्व कळायला वेळ लागेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार
कोणत्या वस्तूने किती वीज खाल्ली हे प्लगच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. काय सोय आहे! मिक्सरचा प्लग काढून दोन दिवस टीव्हीला लावला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ह्यांना आकडा वाचून दाखवला.

ह्यांनी टीव्ही बंद केला. आज क्रिकेट बघायला शेजारी गेले.

बचत झाली.

१९ ऑगस्ट, मंगळवार
नदीला पाणी वाढलंय. हे घाटावर बघायला गेले. मला कुठला वेळ. सराव चालू आहे.

आज पुरणाची रंगीत तालीम. मिक्सरचा खटका दोनवर ठेवायचा, बाकी सगळं तोंडाने. "माया चालू करो" म्हटलं तर डबी म्हणाली, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." चारदा म्हणाली. पाचव्यांदा मी जरा आवाज चढवला, तर पलीकडच्या समीक्षाने खिडकीतून विचारलं, "काकू, घरी पाहुणे आलेत का हिंदीवाले?"

शेवटी कळलं की दुपारचा एक वाजला होता आणि वायफाय बंद होतं. याचा अर्थ माझी बचतीची योजना चोख चालते आहे.

संकल्प : गौरीपूजनाच्या दिवशी सगळा स्वयंपाक अकराच्या आत. प्रश्नच उद्भवत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
एक गोष्ट मनाला खात होती. हे प्लग कुठल्या कारखान्यात, कुणाच्या हातांनी बनले, कुठल्या गोदामात, कशाशेजारी पडून होते, कुणास ठाऊक. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात ते तसेच कसे चालतील?

शुद्धी केली. तांब्यात गंगाजलाचे चार थेंब, तुळशीच्या पानाने शिंपडलं. फार नाही. प्लगवर, एक्स्टेंशनवर, आणि सहा भोकांत एकेक थेंब, कुणी मागे राहायला नको.

फट् झालं. घरभर अंधार.

हे टॉवेल घेऊन धावत आले. पायात रबरी चपला होत्या. घरात चपला! मेन बटण खाली पाडून म्हणाले, "अगं, मरायचंय का तुला?" इतक्या वर्षांत माझ्यावर एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. मग पंख्याखाली बसून राहिले. पंखा चालू नव्हता तरी.

पंख्याचा प्लग गेला. बाकीचे तीन वाळल्यावर चालले. हे म्हणाले नशीब. मी म्हणते, शुद्ध होते तेवढे टिकले.

३० ऑगस्ट, शनिवार
सासूबाई, माया आणि भाऊजी आले. मुखवटे सासूबाईंनी मांडीवर धरून आणले, साताऱ्यापासून. रेशमी कापडात गुंडाळलेले. उघडले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीच्या नाकाचा शेंडा जरा झिजलाय. सासूबाईंच्या सासूबाईंनी रोज पुसून पुसून झिजवला म्हणे. नथ घालताना जपावं लागतं.

मोह नाही. पण आमच्या देवघराशेजारचा कोपरा बघितला तर वाटतं, त्यांच्यासाठीच तो रिकामा राहिला होता.

माया रिकाम्या हाताने आली नाही. गौरींसाठी दोन साड्या, बांगड्या, एक छोटा आरसा. आरसा कशाला म्हटलं, तर म्हणाली, "वहिनी, बघतील ना त्या स्वतःला." मायाच्या बोलण्याला कधीकधी काही अर्थ नसतो.

आता मिक्सरचं नाव बदलणं भाग. अ‍ॅप उघडलं. पासवर्ड मागितला. पासवर्ड अश्लेषाने ठेवलेला. तिचा फोन लागेना.

असू दे. स्वयंपाकघरात कोण येतंय ऐकायला.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आवाहन. दारापासून कुंकवाची पावलं काढली. सासूबाईंनी एक मुखवटा, मी एक घेतला. घरभर फिरवल्या. ही धान्याची कोठी, हे देवघर, ही तिजोरी. हे मधेच म्हणाले, "हा टीव्ही. दोन दिवसांत किती वीज खातो ते हिला विचारा." सगळे हसले. मी नाही.

कोपऱ्यात बसवल्या. आणि बरोबर सातला, कुणीही हात न लावता, माळ लागली! सासूबाई दचकल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई." भाऊजी म्हणाले, "वहिनी, कमाल आहे तुमची." मी म्हटलं, त्यात काय, सोपं असतं.

मायाला फार लागलेलं दिसलं. कारण त्यानंतर ती सगळी संध्याकाळ गौरींसमोर चटईवर बसून राहिली. थोरलीची साडी चापूनचोपून, धाकटीच्या केसांत गजरा माळून, वर तोंडाने अखंड बडबड. ऑफिसातल्या बदल्या. साहेबाची नवी गाडी. मुलाला अ‍ॅडमिशन मिळाली नाही ते. मधेच डोळे पुसले. सासूबाई शेजारी बसून हं हं करत होत्या.

गौरींना काय करायचंय ट्रेझरीतल्या बदल्यांचं?

मी आत उद्याचा सराव करत होते. कुणालाही मदतीला बोलावलं नाही. सासूबाईंनी एकदा दारातून विचारलं, "वैजू, येतेस का गं जरा बसायला?" मी म्हटलं, आई, तुम्ही बसा, मी डबीला समजावतेय.

१ सप्टेंबर, सोमवार (हे दुसऱ्या दिवशी लिहिते आहे. काल लवकर झोपले. थकव्याने.)
पहाटे स्नान, सोवळं. चार चुली, सोळा भाज्या. दहापर्यंत सगळं माझ्या हातात होतं. मग दूध आटेना. कुरडया काळ्या झाल्या. डाळ शिजायला वेळ लागला, हा दोष डाळीचा. गूळ इथल्याच बाजारातला, उत्तम होता.

पुरण वाटायला घेतलं तेव्हा पावणेबारा वाजले असावेत. घड्याळ बाहेरच्या खोलीत.

"माया चालू करो." चालू. पहिला घाणा छान निघाला. दुसरा घाणा. "माया चालू करो." चालू.

"माया बंद करो."

काही नाही.

"माया बंद करो!"

डबी म्हणाली, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." तेव्हा ध्यानात आलं. बारा वाजले होते. माझं वायफाय वेळेचं पक्कं आहे.

मिक्सर घर्रघर्र करत होता. पुरण घट्ट, आवाज बदलायला लागला. बटण हाताच्या अंतरावर. पण हात कसा लावणार? सोळा भाज्या सोवळ्यात झालेल्या, सासूबाई बाहेर बसलेल्या. मी डबीच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, "माया बंद करो! माया, बंद हो जा! चुप हो जा, माया!"

बाहेरच्या खोलीतून मायाचा आवाज आला, "वहिनी? मी काय बोलले हो?"

हे दारात आले. "मी दाबू?" म्हणाले. मी म्हटलं, खबरदार, हात लावाल तर! हे तसेच हात वर करून उभे राहिले, चोरासारखे. मागच्या दाराशी हरणाबाई, नाकाला पदर. "आवं काकू, वास यायलाय! जळतंय कायतरी! लावा की हात, देव काय मारतोय व्हय!"

मिक्सरमधून धूर आला.

माया आत आली. माझ्या अंगाला न शिवता, कडेकडेने, पदर सावरून. भिंतीवरचं बटण बंद केलं. खट्ट.

शांत.

"बटण आहे की वहिनी," ती म्हणाली. चिडून नाही. म्हणजे जास्तच वाईट.

सासूबाईंनी बाहेरूनच विचारलं, "कोण कुणाला बंद करतंय गं?" हे खोकले. मग मायाच हसायला लागली. पहिल्यांदा तोंडावर हात ठेवून, मग न ठेवता. "वहिनी, मिक्सरचं नाव माया? आवाजावरून ठेवलंत?"

मी तिला पोथीतलं समजावून सांगायला लागले होते, पण वेळ नव्हता.

मिक्सर जळाला. निम्मं पुरण त्यातच. सासूबाई मायाला म्हणाल्या, "जा, अंगावर चार तांबे घे, माझं लुगडं नेस, आणि हिला हात दे." आली. सासूबाईंचं लुगडं तिला आखूड. आम्ही दोघींनी उरलेलं पुरण हाताच्या पुरणयंत्रातून काढलं, तिने फिरवलं, मी डाळ सारली. हळूहळू बोलायला लागलो. मुलाच्या अ‍ॅडमिशनचं तिने मलाही सांगितलं. पुरण मऊ झालं, मिक्सरपेक्षा मऊ. मायाला मी ही संधी दिली याचं समाधान आहे.

नैवेद्याला दोन वाजले. गौरी काही बोलल्या नाहीत.

तीन वाजता वायफाय आपोआप आलं.

२ सप्टेंबर, मंगळवार
विसर्जन. दहीभात. मुखवटे उतरवले, पुसले, रेशमात गुंडाळले. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

आधी माझी स्तुती केली. म्हणाल्या, "स्वयंपाक वैजूच्या हातचाच. आणि एवढं कडक सोवळं तर माझंही नव्हतं कधी. मी आपली पदराने बटण दाबायचे."

पदराने!

मग म्हणाल्या, "पण अगं, त्या माहेरी येतात. वर्षातून तीन दिवस. माहेरी आलेल्या लेकीला सोळा भाज्या कमी पडल्या तरी चालतं. कशी आहेस, काय म्हणतेस, असं विचारणारं कुणी जवळ बसायला लागतं. तू तिन्ही दिवस त्या डबीशी बोलत होतीस."

मी रेशमी कापडाची गाठ पुन्हा आवळली.

डबी म्हणाली, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

तिला कुणी विचारलं नव्हतं.

मुखवटे साताऱ्याला गेले. गाडीत बसताना माया म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षी चार दिवस आधी या. मला एकटीला जमायचं नाही." मी बघू म्हटलं. खाली वाकून नमस्कार करायचं सोडून तिने मला मिठी मारली. रस्त्यात. हे बघत होते.

५ सप्टेंबर, शुक्रवार
विचारांती मत : निर्णय योग्यच झाला. मुखवट्यांची जबाबदारी मोठी असते. माझे गुडघे. मी मनातून तेच म्हणत होते.

प्लग परत घ्यायची मुदत संपली. एकावर तर तुळशीचं पान अजून चिकटलेलं आहे.

मिक्सर दुरुस्त होणार नाही म्हणे. टीव्ही साध्या बटणावरच आहे. हे घरीच बघतात. मी आकडे विचारत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
हरणाबाईने कोपरा पुसताना विचारलं, "काकू, गवरी गेल्या तरी ही माळ कशी काय पेटतीय वो रोज?"

सातला लागते. लावून दिलेली वेळ तशीच राहिली. अश्लेषाने पासवर्ड पाठवला, म्हणाली, अ‍ॅपमध्ये जाऊन वेळ काढून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. काढते म्हटलं.

हे म्हणाले, "रिकाम्या कोपऱ्यात दिवे कशाला? तूच म्हणतेस ना, एक दिवा फुकट जळायला नको." मी म्हटलं, एलईडी आहे, त्याला काही वीज लागत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्तमानपत्र उघडून बसले.

माळ लागली. चटई तिथेच होती, मायाने गुंडाळली नव्हती. जरा टेकले. गुडघ्यासाठी. तिचा तो छोटा आरसाही कोपऱ्यातच राहिलाय.

मग बसलेच होते म्हणून कोपऱ्याला सांगितलं. अश्लेषाचा फोन आठवड्यातून एकदा येतो ते. सोळा भाज्या केल्या तरी चाखून बघायला घरात दोनच तोंडं असतात ते. पुरण कसं झालं होतं, ते विचारलं.

डबीची पिन काढून ठेवली आहे. मधेमधे बोलते.